दुसरी किल्ली

१२ फेब्रुवारी, बुधवार

मामा,

आधीच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. गेल्या गुरुवारी आमच्या कारखान्यात अपघात झाला तेव्हा माझं कुलूप तोडलं गेलं, असं मी लिहिलं होतं. कुलूप तोडलं नव्हतं. ते किल्लीने उघडलं होतं, आणि उघडून स्विचच्या हँडलला तसंच लटकवून ठेवलं होतं, खुंटीला टोपी अडकवावी तसं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तुम्हाला 'तोडलं' असं लिहिलं.

फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी मध्येच उत्तरं देते. म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहिते. मागच्या पत्रात अर्धं सांगायचं राहिलं.

पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या तीन नंबर लाइनवर पट्टा फिरवणारी मोटर आहे. तिच्या जोडणीतली एक वायर तापून काळी पडली होती, ती बदलायची होती. काम माझं आणि लंबूचं. लंबू म्हणजे आमचा फिटर. दारातून जाताना सवयीने वाकतो, दार उंच असलं तरी. मी स्विच-रूममध्ये जाऊन तीन नंबरचं हँडल खाली ओढलं, माझं लाल कुलूप लावलं, माझा फोटो असलेली पाटी अडकवली. मग तुम्ही शिकवलंत तसंच केलं. मीटर आधी चालू लाइनवर लावून पाहिला, तो दाखवत होता. मग मोटरच्या डब्यात तिन्ही फेज एकमेकींशी, मग एकेक फेज अर्थिंगशी. शून्य. मग पुन्हा चालू लाइनवर, मधल्या मध्ये मीटरच मेला नाही ना म्हणून. मेला नव्हता. इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही. हे वाक्य मी आठवड्याभरात इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता ते मलाच खोटं वाटायला लागलंय.

नव्या वायरीच्या टोकाला लावायचा लग एक माप लहान निघाला. मी दुसरा आणायला स्टोअरला गेले. लंबू म्हणाला, "तू येईपर्यंत हात धुऊन घेतो, तेलाने बरबटलेत." तेवढ्यात मिस्त्री स्विच-रूममध्ये आले. मिस्त्री म्हणजे आमच्या इलेक्ट्रिक विभागाचे प्रमुख. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. जेवणाची वेळ जवळ आली होती, लाइन सुरू करा म्हणून वरून सारखे निरोप येत होते. स्विच-रूममधून मोटर दिसत नाही. त्यांनी दोनदा मोठ्याने हाक मारली. उत्तर आलं नाही, म्हणजे आम्ही काम आटपून जेवायला गेलो, असं त्यांनी धरलं. कुलूप उघडलं, हँडल वर केलं. लंबू हात पुसत परत आला आणि त्याने डब्यात हात घातला.

त्याचा उजवा तळवा भाजलाय आणि तो मागे फेकला गेला तेव्हा खांदा मोडलाय. जीव वाचला. डॉक्टर म्हणतात बोटं वाचतील, पण पकड पूर्वीसारखी येईल का ते आत्ता सांगता येत नाही.

आता किल्ली. कुलूप मिळालं तेव्हा पाकिटात दोन किल्ल्या होत्या. एक स्वतःजवळ ठेवायची, दुसरी सेफ्टी ऑफिसात पाकीटबंद जमा करायची, असा नियम आहे. मी ती मिस्त्रींना दिली. आपल्या घरात प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली थोरल्या माणसाकडे असते ना, दुकानाची मामीकडे, माझ्या सायकलची तुमच्याकडे, तसं. ते म्हणाले, "मला कशाला गं? ऑफिसात दे." मी म्हटलं, "असू द्या मिस्त्री, मी विसरभोळी आहे." त्यांनी हसून ती आपल्या स्कूटरच्या किल्लीबरोबर अडकवली.

जबाब घेताना मला विचारलं, कुलूप कसं निघालं? मी लिहून दिलं, 'मला माहीत नाही.' मिस्त्रींनी लिहून दिलं, 'कुलूप मी काढलं.' एवढंच. कशाने काढलं ते सांगितलं नाही. विचारलं तरी सांगितलं नाही.

त्यांना घरी बसवलंय. मी रोज कामावर जाते. काय करू ते कळवा.

तुमची भाची

*

१७ फेब्रुवारी

चि. टेस्टरबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिला प्रश्न: जेवतेस का? मामी म्हणते, अक्षरावरून वाटत नाही.

आता कामाचं. शांत बसून वाच, पायाची बोटं हलवत बसू नकोस.

कुलूप कोणी काढलं? मिस्त्रीने. तो स्वतः म्हणतोय ना? हाक मारून उत्तर आलं नाही तर माणूस जाऊन बघतो. चार पावलं चालायला काय पाय झिजले असते का त्याचे? दुसऱ्याचं कुलूप त्याच्या समोर त्याच्या हातानेच निघालं पाहिजे, हे त्याला कळत नाही, तर तो प्रमुख कशाचा? आणि तुझा लंबू. त्याने स्वतःचं कुलूप का लावलं नाही? दोन माणसं कामावर, तर दोन कुलपं. 'एकाने लावलं की झालं' ही कुठली रीत?

तुझं काय चुकलं? किल्ली दिलीस. विश्वासाने दिलीस. विश्वास टाकणं गुन्हा असेल तर माझं सगळं दुकान तुरुंगात जायला हवं होतं.

तुला सवय आहे. शेजारणीच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तू जाऊन सांगून आलीस, "माझ्या हातून फुटली असेल." आणि त्या दिवशी तू आमच्या घरी गोवराने अंथरुणात पडलेली होतीस! लहानपणी तो पेचकसवाला टेस्टर घेऊन घरभर फिरायचीस, एकदा कुत्र्याच्या पट्ट्यालाही लावून पाहिलास. आता स्वतःला लावून बसलीस. दिवा लागेपर्यंत सोडणार नाहीस, मला माहीत आहे.

मी सांगतो ते ऐक. तू कागदावर 'माहीत नाही' लिहिलंस. त्या घटकेला तू स्टोअरमध्ये होतीस, तू काही पाहिलं नव्हतंस, म्हणजे ते खोटं नाही. कोणी किल्लीबद्दल थेट विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर गप्प बस. चार महिन्यांनी तू कायम होशील, परवान्याची परीक्षा देशील. ज्याने चूक केली तो कबूल करतोय, त्याच्या मध्ये जाऊन उभी राहू नकोस.

आणि मीही इथे हातावर हात ठेवून बसलेलो नाही.

तुझा मामा

*

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मामा,

तुम्ही म्हणता मी कागदावर खोटं लिहिलं नाही. लिहिलं आहे. कुलूप घेताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारलेलं असतं, 'दुसरी किल्ली जमा केली का?' मी 'होय' वर खूण केली. मिस्त्रींना दिली म्हणजे जमाच झाली, असं तेव्हा मनात होतं. पण ऑफिसात पाकीट नाही आणि फॉर्मवर माझी खूण आहे. हे मी तुम्हाला मागच्या पत्रात सांगितलं नाही. विसरले नव्हते.

दुसरं. मीटर माझ्या खिशात होता. स्टोअरला जाताना तो लंबूजवळ ठेवायला हवा होता. परत आल्यावर हात घालण्याआधी पुन्हा तपासायचं, हे त्याला वाटलं असतं तरी तो कशाने तपासणार होता? मी मीटर घेऊन लग शोधत होते. दोन लग हातात घेऊन माप बघत होते, एक चांगला दिसतोय की दुसरा, आणि तिकडे ओरडा झाला.

लंबूला भेटायला गेले होते. खाटेला त्याचे पाय पुरत नाहीत, पावलं बाहेर लोंबतात. त्याची बहीण बसली होती. मी हाताबद्दल विचारलं. तो म्हणाला, "तू मीटर घेऊन गेलीस, म्हणून मी हातानेच तपासलं. करंट होता गं, नक्की होता." बहीण त्याच्यावर ओरडली. तो हसला. मलाही हसू आलं आणि मग थांबेचना, म्हणून मी पाणी प्यायला बाहेर गेले.

बाहेरून ऐकू येत होतं. तो बहिणीला म्हणत होता, "म्हाताऱ्याला सोडणार नाही मी. कुलपाची किल्ली बनवून घेतो म्हणजे काय?"

हे नवं आहे, मामा. आधी मिस्त्रींवर 'निष्काळजीपणा' एवढंच होतं. त्यात ताकीद मिळाली असती, जास्तीत जास्त दुसरीकडे बदली. आता चौकशी समितीने पत्रात लिहिलंय की त्यांनी माझ्या कुलपाची चोरून डुप्लिकेट किल्ली बनवून घेतली असावी. ते सिद्ध झालं तर नोकरी जाते, सुपरवायझरचा परवाना जातो. निवृत्तीला त्यांचे सात महिने राहिलेत. डुप्लिकेट हे कोणाच्या डोक्यात आलं ते मला कळत नाही. आमच्यात तर असं कोणी बोललं नव्हतं.

सेफ्टीच्या मॅडमनी मला बोलावून विचारलं, "तुझी किल्ली कधी मिस्त्रींच्या हातात गेली होती का? साचा काढण्यापुरती, थोडा वेळ?" मी म्हटलं, "माझी किल्ली माझ्या गळ्यात असते." हे खरं आहे. माझी पहिली किल्ली गळ्यातच असते. बघा, तुमचा सल्ला मी किती नीट पाळला. त्यांनी दुसऱ्या किल्लीबद्दल विचारलं नाही, कारण फॉर्मवर 'होय' आहे आणि मी खोटं लिहीन असं त्यांना वाटतच नाही. उलट बाकीच्या शिकाऊ मुलींना सांगतात, तपासणी कशी करायची ते हिच्याकडून शिका.

हल्ली मी घराचं कुलूप लावून जिना उतरते, पुन्हा वर जाऊन ओढून बघते. कालपासून शेजारची बाई दार उघडून म्हणते, "लागलंय गं, लागलंय."

तुमची भाची

*

२५ फेब्रुवारी

चि. टेस्टरबाई,

पत्र मिळालं. फॉर्मचं वाचलं. फॉर्म भरताना माणूस घाईत असतो, त्याचं इतकं मनावर घ्यायचं नाही.

चौकशी समित्या अशाच असतात. त्यांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. तू त्याचा विचार करू नकोस.

रबरी हातमोजे वापरतेस ना? घालण्याआधी मनगटापासून गुंडाळून आतली हवा दाबून बघत जा. बारीक भोक असेल तर हवा निसटते, गालाजवळ धरलं की कळतं. आमच्या वेळी एवढं कोणी बघायचं नाही. इथे सगळं ठीक. माझ्या कानात नवीन मशीन घातलंय, त्यात मामीचा आवाज दुप्पट येतो.

तुझा मामा

ता. क. मी मामी लिहितेय. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. हातमोजे काय, कानाचं मशीन काय! अगं, तो डुप्लिकेट किल्लीचा किडा तुझ्या मामांनीच सोडलाय. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात कुलूप तोडलं असं होतं. यांचं डोकं फिरलं. "माझ्या भाचीने लावलेलं कुलूप कोणी तोडूच शकत नाही, लबाडाने किल्ली बनवली असणार," म्हणत ११ तारखेला दोन पानी पत्र लिहिलं तुमच्या कारखान्याच्या सेफ्टी अधिकाऱ्याला. खाली सही, 'एक अनुभवी इलेक्ट्रिशियन.' कार्बन ठेवून नक्कलही काढली, ती माझ्यासमोर आहे. मग तुझं दुसरं पत्र आलं, की किल्ली तूच दिली होतीस. त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हटलं, कळवा पोरीला. म्हणाले, "होईल आपोआप." आपोआप काय होतं गं? दूध उतू जातं. तुला जे करायचं ते तू कर, पण हे माहीत नसताना करू नकोस, म्हणून लिहिलं.

*

२ मार्च, रविवार

मामा,

मामीचं वाचलं.

तुमच्यावर चिडून दोन पानं लिहिली होती, ती फाडली. तुम्ही माझ्या पत्रावर विश्वास ठेवून ते लिहिलंत. पत्रात 'तोडलं' होतं. मी तोडलं लिहिलं नसतं तर तुम्हाला किल्ली सुचली नसती. पण १७ तारखेला तुम्हाला सगळं कळलेलं होतं, मामा, आणि तेव्हा तुम्ही मला 'हातावर हात ठेवून बसलेलो नाही' असं लिहिलंत. ते मला फार लागलं. बाकी काही म्हणत नाही.

काल मिस्त्रींच्या घरी गेले. पत्ता हजेरीच्या वहीतून घेतला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, दारात चपलांचा एकच जोड. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मिस्त्री खिडकीपाशी कोणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. मला बघून मान वर केली, म्हणाले, "ये. त्या स्टुलावर बस, खुर्चीचा पाय हलतो."

मी म्हटलं, "मी सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"किल्ली मी दिली होती."

"हळू बोल." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "किल्ली तू दिलीस. फिरवली कोणी? मी. तू दिलीस म्हणून माझा हात आपसूक फिरला का? मी जाऊन बघायला हवं होतं. नाही बघितलं. पोराचा तळवा भाजला. यात तू कुठे येतेस?"

"मग तुम्ही त्यांना का सांगत नाही, की किल्ली माझ्याकडून मिळाली?"

"सांगून काय होईल? तुझंही बूड उठेल. एका चुकीत दोघं कशाला?" मग मिक्सरचा स्क्रू पिळत म्हणाले, "तू कामाची मुलगी आहेस. एक वेळ मला काढलं तर चालेल. तपासून काम करणारी माणसं फार नाहीत."

मी म्हटलं, "पण ते म्हणतायत तुम्ही चोरून बनवली."

स्क्रू पिळून पूर्ण बसला होता तरी ते पिळतच राहिले.

तेवढ्यात त्यांची बायको पाणी घेऊन आली. ग्लास माझ्या हातात दिला आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "तू तिथलीच ना? मग तूच सांग मला. हे मला काही सांगत नाहीत. सगळे म्हणतात यांनी किल्ली बनवून घेतली. माझा भाऊ परवा म्हणाला, ताई, आहे ते मान्य करा. बत्तीस वर्षं झाली लग्नाला, मी यांना कधी कोणाची टाचणी उचलताना पाहिलं नाही. पण विचारलं की गप्प. खरं असेल म्हणूनच गप्प ना?"

मिस्त्री म्हणाले, "तिला पाणी पिऊ दे."

मामा, मी ते पाणी प्यायले. पूर्ण ग्लास. आणि म्हटलं, "काकू, मला जायला हवं."

त्यांची बायको त्यांना चोर समजायला लागली आहे, आणि तिला एका वाक्यात सांगू शकणारी मी तिच्यासमोर पाणी पीत बसले होते.

तुमची भाची

*

६ मार्च

चि.,

आज टेस्टरबाई लिहायची माझी हिंमत होत नाही.

मी चुकलो. कारखान्याला ते पत्र रागात लिहिलं, त्याला माफी आहे असं मामी म्हणते. ते तुझ्यापासून लपवलं त्याला नाही, असंही तीच म्हणते. तुझ्या कारखान्याला काल रजिस्टर्ड पत्र पाठवलं, की माझ्या ११ फेब्रुवारीच्या पत्राला काहीही आधार नव्हता, मी ते परत घेतो. या वेळी माझं पूर्ण नाव आणि पत्ता घातला. किल्लीचं खरं मी लिहिलं नाही. ते तुझं आहे. न विचारता तुझ्या वतीने एकदा बोललो, तेवढं पुरे झालं.

एक गोष्ट सांगतो, ती गेले चार दिवस डोक्यात आहे. आपल्या दुकानाला कुलूप होतं ते चोरासाठी. चोर बाहेरचा असतो, म्हणून दुसरी किल्ली घरातल्या थोरल्याकडे ठेवली की काळजी मिटते. तुमच्याकडचं कुलूप चोरासाठी नाहीच मुळी. ते थोरल्यासाठी आहे. जो म्हणतो 'मला माहीत आहे, काम झालंय,' त्याच्यासाठी. त्याला किल्ली दिली की कुलूप लावलं काय आणि न लावलं काय. मी तुला मीटर कसा धरायचा, फेज कशी तपासायची, सगळं शिकवलं. हे शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. माझ्या दुकानात स्विच बंद केला की मी तुला त्याच्यासमोर उभं करायचो, तेवढंच.

आता उलट बाजू. तू सांगितलंस तर ते तुला कायम करतीलच असं नाही. परीक्षेला बसू देतील असंही नाही. फॉर्मवरची खूण ते तुझ्यासमोर धरतील. हे सगळं धरून चाल. मला वाटतं, तू सांगू नयेस. खरं सांगतो, अजूनही मला तसंच वाटतं, कारण तू माझी आहेस आणि मिस्त्री माझा कोणी नाही. पण माझं वाटणं या बाबतीत किती कामाचं आहे ते आपण पाहिलं.

मी येऊ का? समितीसमोर उभा राहीन. म्हणेन, हिला हे मी शिकवलं.

मामा

(मी त्यांना सांगितलं, जाल तर कानाचं मशीन काढून जा, नाहीतर त्यांचं ऐकून तिथेच भांडाल. — मामी)

*

९ मार्च, रविवार

मामा, मामी,

नका येऊ. 'हिला मी शिकवलं' असं तुम्ही म्हणालात तर मला बरं वाटेल, आणि मला आत्ता बरं वाटायला नको आहे. शिवाय ते पूर्ण खरं नाही. मिस्त्री पहिल्याच दिवशी "ऑफिसात दे" म्हणाले होते. शिकवणारा समोर होता, मीच ऐकलं नाही.

तुमचं रजिस्टर्ड पत्र पोचलं. मॅडमनी मला बोलावून दाखवलं. म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाने आरोप केला आणि परतही घेतला. पण किल्ली कुठून आली हे अजून कोणी सांगत नाही, त्यामुळे समिती आहे तिथेच आहे." मग माझ्याकडे बघत राहिल्या. दार उघडं होतं, बाहेर दोन जणी सही घ्यायला थांबल्या होत्या. मला वाटलं, आत्ता. आणि मी म्हटलं, "मॅडम, जाऊ?" गेले.

या महिन्याभरातली शेवटची दुरुस्ती करते. पहिल्या पत्रापासून मी लिहितेय त्यावरून तुम्हाला वाटलं असेल की मी नोकरीला घाबरून गप्प आहे. नोकरीची भीती आहे, पण ती मागच्या रांगेत. पुढे दुसरीच आहे. कारखान्यात सगळे म्हणतात, हिने तपासलं म्हणजे तपासलं. मी लाइनवर आले की माणसं निर्धास्त हात घालतात. मला ते आवडतं. इतकं आवडतं की ते टिकावं म्हणून मी एका माणसाला चोर होऊ दिलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. पत्राच्या बाकी ओळी अर्ध्या तासात झाल्या.

काल लंबूला सांगितलं. सगळ्यांच्या आधी त्याला सांगायला हवं असं वाटलं, हात त्याचा आहे. तो आता घरी आहे, डाव्या हाताने चमच्याने जेवायला शिकतोय. मी फॉर्म, किल्ली, मीटर, सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं.

मग म्हणाला, "म्हणजे महिनाभर मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या?"

मी म्हटलं, "नाही. माणूस बरोबर होता. शिव्या अर्ध्याच पोचल्या, अर्ध्या माझ्या होत्या."

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. म्हणाला, "तू आता जा." मी उठले. दारापर्यंत गेल्यावर म्हणाला, "माझं कुलूप मीही लावलं नव्हतं. तेही सांग. नाहीतर मलाच पुन्हा तिथे जाऊन सांगावं लागेल, आणि मला इतक्यात तिथे जायचं नाहीये." ते मी तोंडी सांगीन. तो पुन्हा माझ्याबरोबर काम करेल का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मिस्त्रींना काही कळवलं नाही. कळवलं तर ते मला थांबवतील, आणि थांबवणारा माणूस समोर असला की मी थांबते, हे मला आता माहीत झालंय. त्यांना शिक्षा होईलच. दुसऱ्याचं कुलूप माणूस न बघता काढलं, ते त्यांनी केलं आहे, आणि ते मी पुसू शकत नाही. पण त्यांच्या बायकोला निदान त्यांच्याकडे बघून विचारता येईल, "आधी का नाही सांगितलंत?" आणि ते रागावतील, किंवा तीच रागावेल.

जबाब लिहून ठेवला आहे. दीड पान आहे. पहिल्यांदा तीन पानं झाली होती, त्यात मी विसरभोळी कशी आहे, घरात कशी रीत होती, सगळं होतं. ते काढून टाकलं. आता त्यात एवढंच आहे: कुलूप घेतलं त्या दिवशी दुसरी किल्ली मी मिस्त्रींना दिली. फॉर्मवर जमा केली अशी खूण केली, ती खोटी आहे. अपघातानंतर विचारलं तेव्हा माहीत नाही म्हटलं, तेही खोटं आहे. मॅडमनी पुन्हा विचारलं तेव्हा माझी किल्ली गळ्यात असते म्हटलं, ते खरं होतं पण फसवण्यासाठी म्हटलं. स्टोअरला जाताना मीटर माझ्या खिशात होता. खाली सही आणि तारीख. तारीख मी आधीच घालून ठेवली आहे, म्हणजे ती उलटली की कागद फुकट जाईल आणि सगळं पुन्हा हाताने उतरवावं लागेल.

उद्या सोमवारी मॅडम दुसऱ्या कारखान्यात असतात. समितीची बैठक गुरुवारी आहे. तोपर्यंत थांबले तर आठ माणसांसमोर मला विचारलं जाईल, आणि माझ्या तोंडून पुन्हा 'माहीत नाही' निघेल. म्हणून त्याआधी, त्या एकट्या असताना. बाहेर कोणी सहीसाठी थांबलेलं असलं तरी दार मी आतून ओढून घेईन. मंगळवारी, अकरा मार्चला, सकाळी साडेनऊ वाजता.

तुमची भाची